हार्डली

“मॅडम, लवकर या! ताईने गोळ्या खाल्ल्या!”

गुरुवारी सकाळी पोलीस ठाण्यात एका म्हाताऱ्याचा फोन आला. फौजदारबाई पोचल्या तेव्हा इंग्रजीची निवृत्त शिक्षिका पलंगावर निष्प्राण पडली होती. अकरा वर्षं ती कमरेखाली लुळी होती; फोन करणारा हा धाकटा भाऊच तिला सांभाळत होता. फौजदारबाई तिचीच विद्यार्थिनी.

उशाशी गोळ्यांची रिकामी बाटली, कोरडा ठणठणीत तांब्या. शेजारी वर्तमानपत्रं. सोमवारच्या अंकातल्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या. मंगळवार-बुधवारच्या अंकांची घडीही मोडलेली नव्हती. वर इंग्रजी चिठ्ठी, थरथरत्या अक्षरात: ‘मी थकले. भावाने मला हार्डली सांभाळलं. त्याला दोष देऊ नका.’

“काका, काल ताई कशा होत्या?”

“नेहमीसारखी. पेपर वाचला, जेवली.”

“तांब्या कुणी भरला?”

“मीच. रात्री.”

“नंतर कुणी हात लावला?”

“कुणीच नाही.”

फौजदारबाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

“काका, चिठ्ठी तुम्ही लिहिलीत. तुम्हाला म्हणायचं होतं, ‘कष्टाने सांभाळलं’. पण कष्टाने म्हणजे नुसतं हार्ड. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. या एका शब्दापायी ताईंनी आमच्या अख्ख्या वर्गाला उभं केलं होतं. सोमवारपर्यंत परक्यांच्या चुका काढणारी बाई स्वतः ही चूक करेल? पेपर मंगळवारपासून कोरे. रात्री भरलेला तांब्या सकाळी इतका ठणठणीत कोरडा होत नाही; तो केव्हाचा रिकामा आहे, मग काल रात्री बाटलीभर गोळ्या गिळल्या कशाने? ताईंनी गोळ्या घेतल्याच नाहीत. त्या तहानेने गेल्या. तुम्ही घरात नव्हता.”

म्हातारा मटकन खाली बसला.

“सोमवारी रात्री गेलो, मित्राकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा. एकच रात्र म्हणून गेलो. तिथे झोप लागली हो, गाढ! म्हटलं, आणखी एक दिवस. मग आणखी एक. आज आलो तर... लोक काय म्हणतील म्हणून दारात पडलेले पेपर तिच्या उशाशी ठेवले, गोळ्या मोरीत ओतल्या, चिठ्ठी लिहिली.”

मग त्याने मान वर केली.

“तिने मला हाका मारल्या असतील का?”

जिना चढतानाच खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फौजदारबाईंना गाठून सांगितलं होतं. मंगळवारी दिवसभर वरून हाका येत होत्या. भाऊ घरात असेल, असं समजून त्या वर गेल्या नाहीत.

“नाही,” फौजदारबाई म्हणाल्या. “झोपेतच गेल्या असतील.”

आणि त्याला उठवायला त्यांनी हात पुढे केला.