दुसरी पसंती

“अहो... तुम्ही माझ्या फ्रेममध्ये पेरू खाताय!”

पायल प्लॅटफॉर्मच्या टोकावरून ओरडली, तेव्हा बाकावरच्या त्या मुलानं आधी मागं पाहिलं, मग बाजूला पाहिलं आणि शेवटी स्वतःच्या हातातल्या पेरूकडं.

“मला म्हणालात?”

“दुसरं कुणी दिसतंय का इथं?”

खरंच दिसत नव्हतं. घोरावाडी स्टेशनावर थंडीतली दुपार कलायला लागली होती. लोणावळ्याची लोकल नुकतीच निघून गेली होती आणि बाकावर तेवढ्या हरभरा विकणाऱ्या झुंबरबाई बसल्या होत्या. पुढ्यात हरभऱ्याच्या जुड्यांची रिकामी होत आलेली पाटी. पायल केव्हापासून मोबाइल रोखून त्यांनाच टिपत होती, आणि नेमका हा मुलगा येऊन त्यांच्या शेजारी टेकला होता. वर निवांत पेरू खात!

“सॉरी हां,” तो उठून तिच्याजवळ आला. “बघू, काय टिपताय?”

पायलनं दाखवलं. दाखवायचं काही कारण नव्हतं... पण त्याच्या विचारण्यात आगाऊपणा नव्हता, नुसती उत्सुकता होती. त्यानं मोबाइल कानाला लावला. पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“नुसतं वारं ऐकू येतंय. मावशी काय बोलतायत, एक अक्षर कळत नाही.”

पायलचा चेहरा पडला. कारण तिला ते ठाऊक होतं.

तळेगावातल्या तिच्या घरी या एका फिल्मवरून केवढं रामायण झालं होतं! पुण्यातल्या फिल्म संस्थेत दिग्दर्शन शिकायचं, एवढंच तिला लहानपणापासून हवं होतं. जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि अर्ज देशभरातून. तिचे वडील हौशीराम कंपनीत लाइनवर काम करायचे. त्यांनी साफ सांगितलं होतं, “यंदाच्या साली कर काय करायचं ते. न्हाई झालं तर आमच्या कंपनीच्या हापिसात लागायचं. साहेबाशी बोललोय मी.” अर्जासोबत एक छोटी फिल्म पाठवायची होती आणि विषय होता ‘वाट पाहणं’. पायलला लगेच झुंबरबाई आठवल्या होत्या. माल संपला तरी त्या स्टेशनवर बसून राहायच्या. त्यांचा नवरा भिकाजी पिंपरीला वॉचमन होता. त्याची ड्यूटी सुटून तो येईपर्यंत त्या हलायच्या नाहीत.

“घरला एकलीनं जाऊन काय करू? भिताडासंगं बोलू?” झुंबरबाई म्हणायच्या. पण मोबाइलमध्ये हे वाक्यच येत नव्हतं. येत होतं फक्त वारं.

“माझ्याकडं कॉलरचा माईक आहे,” तो मुलगा म्हणाला. “मी समर्थ. लग्नाचं शूटिंग करतो. पवन मावळातला आहे.”

“भाडं किती?”

“भाडं नको. एक काम करा माझं...” तो जरा अडखळला. “उद्या थोडा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहाल का?”

“काय?”

“गैरसमज नको! प्री-वेडिंग आहे पवना धरणावर. आज नवरीला घाटात गाडी लागली, ती आजारी पडून घरी गेली. एकच शॉट राहिलाय. लांबून, पाठमोरा, ओढणी उडतीय... तुमची उंची तेवढीच आहे.”

पायलनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “पाठमोरीच का? चेहरा चालण्यासारखा नाही वाटतं?”

समर्थच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “चेहरा दाखवला, तर नवरदेव लग्न मोडेल.”

उत्तर कळायला तिला क्षणभर वेळ लागला. आणि कळल्यावर हसू आवरायला त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी धरणाच्या काठावर ती लाल ओढणी घेऊन उभी राहिली. नवरदेव बिचारा तिच्यापासून हातभर दूर, होणाऱ्या बायकोच्या धाकानं अंग चोरून उभा. पाण्यावरून गार वारा येत होता. मागून समर्थचा आवाज आला, “पायल, जरा हसा ना!”

“पाठ हसते का कधी?”

“हसते की. खांदे हसतात.”

आणि तिचे खांदे खरोखरच हसले. शॉट एका झटक्यात झाला.

मग समर्थ घोरावाडीला येऊ लागला. माईक लावून निघून जाईल असं तिला वाटलं होतं, पण तो थांबायचा. ती चित्र बघायची आणि तो ऐकायचा. एकदा तो म्हणाला, “डोळे मिट बघू.” ‘अहो-जाहो’ केव्हा गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिनं डोळे मिटले. रुळांची बारीक थरथर, कावळा, दूरच्या हायवेची घरघर... आणि त्याच्या श्वासाची चाहूल, अगदी कानाशी.

“ऐक. जिन्यावर.”

फरफट... टप. फरफट... टप. कुणीतरी चप्पल ओढत पूल उतरत होतं. पायलनं डोळे उघडले तर झुंबरबाई पाटी उचलून उभ्या राहिल्या होत्या. भिकाजी अजून दिसतसुद्धा नव्हता. त्यांनी नुसती चप्पल ओळखली होती.

“समर्थ,” ती कुजबुजली, “मी भिकाजीकाकांना दाखवणारच नाही. फक्त मावशींचा चेहरा. आणि हा आवाज.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “तू होणार बघ,” एवढंच म्हणाला.

मार्चमध्ये पुण्यात लेखी परीक्षा झाली. पायल हॉलमध्ये शिरली आणि जागच्या जागी थिजली. पुढच्या बाकावर समर्थ बसला होता. समोर पेन, पाण्याची बाटली आणि परीक्षेचं ओळखपत्र.

पेपर कसाबसा संपवून ती बाहेर आली आणि झाडाखाली त्याला गाठलं.

“दिग्दर्शन?”

“हो.”

“म्हणजे माझीच जागा!”

“जागेवर तुझं नाव होतं का?” तो हसण्याचा प्रयत्न करत होता, पण जमलं नाही. “मागंही दोनदा दिलीय मी परीक्षा. यंदा वयाची शेवटची संधी आहे.”

“आणि मला सांगितलं नाहीस? रोज येऊन माझ्या फिल्मला मदत करत होतास आणि...”

“सांगितलं असतं, तर माझा माईक घेतला असतास?”

“नसता घेतला.”

“म्हणून नाही सांगितलं.”

तिला खूप राग आला होता. तो नेमका कुणावर, ते मात्र कळत नव्हतं. परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसले आणि देहूरोडपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले. मग समर्थनं खिशातून बिस्किटांचा पुडा काढून पुढं केला. तिनं एक बिस्कीट घेतलं. मग दुसरं. तळेगाव आलं तेव्हा पुडा संपला होता, आणि रागही.

लेखी परीक्षेत दोघं पास झाले आणि मुलाखतही एकाच दिवशी आली. आधी पायल, लगेच नंतर समर्थ.

टेबलापलीकडं तिघं जण होते. मधल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी तिची फिल्म पुन्हा लावली. शेवट आला. फरफट... टप.

“इथं माणूस दिसतच नाही. नुसती चप्पल ऐकू येते आणि बाईंचा चेहरा उजळतो. फार छान. ही कल्पना तुमची?”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! शब्द अगदी ओठांवर आला होता. पण पायलला स्टेशनवर कान देऊन बसलेला समर्थ दिसला.

“माणूस दाखवायचा नाही, हे माझं,” ती म्हणाली. “पण चप्पल आधी समर्थनं ऐकली. मी तोपर्यंत फक्त बघत होते, मॅडम. फिल्मचा सगळा आवाज त्याचा आहे. शेवटी नावही दिलंय.”

“हा समर्थ कोण?”

“बाहेर बसलाय. माझ्यानंतर त्याचाच नंबर आहे. त्यानंही दिग्दर्शनालाच अर्ज केलाय.”

बाजूच्या गृहस्थांनी चष्मा काढला. “म्हणजे स्पर्धकाची शिफारस करताय तुम्ही?”

“नाही सर. तुम्ही विचारलंत, म्हणून खरं ते सांगितलं.”

ती बाहेर आली. समर्थला आत जाताना बघून तिच्या मनात आलं, घालवली बहुतेक आपण आपली जागा. आणि गंमत म्हणजे, त्याचं वाईट वाटत नव्हतं. याचीही जागा गेली तर... त्याचं मात्र वाटत होतं.

संध्याकाळी त्यानं तिला बाइकवरून घरी सोडलं. सोसायटीच्या फाटकात हौशीराम उभेच होते.

“ह्यो कोण?”

“समर्थ. फिल्मला मदत केली तो, अप्पा.”

“आन् ह्यो बी त्याच परीक्षेला?”

“व्हय काका,” समर्थ म्हणाला.

हौशीरामांनी त्याला खालीवर पाहिलं. “येडा का खुळा तू? सोताच्या पायावर धोंडा पाडून हिला मदत केलीस?” मग जरा थांबून म्हणाले, “चल वर. पानी तरी पी.”

पाणी पिऊन निघताना जिन्यात समर्थ थांबला. “पायल... निकाल लागेपर्यंत नको भेटायला.”

“का?”

“एकाचं झालं आणि एकाचं नाही, तर? आत्ताच इतकं...” वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. ती जिन्यात उभी राहून बाइकचा आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली. ऐकायची सवय आता तिलाही लागली होती.

जूनच्या अखेरीस निकाल लागला. दुपारचं जेवण चाललं होतं. दिग्दर्शनाच्या निकालात स्वतःचं नाव दिसलं आणि पायल किंचाळलीच. आई ताट टाकून धावली. हौशीराम ड्यूटीवर होते. पण दुसऱ्याच क्षणी पायलचे डोळे पुन्हा त्या नावांवरून फिरले, वरून खाली, खालून वर... समर्थ नव्हता.

“आई, मी आले,” म्हणून ती तशीच निघाली. लोणावळ्याची लोकल, तिथून रिक्षा. समर्थ खंडाळ्याला एका बंगल्यावर हळदीचं शूटिंग करतोय, हे त्याच्या स्टेटसवरून तिला कळलं होतं. घाट धुक्यात बुडाला होता आणि पाऊस एकसुरी लागला होता. बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात, पिवळ्याजर्द गोंधळापासून लांब, तो पायरीवर एकटाच बसला होता.

तिला बघून उठला. “अभिनंदन,” म्हणाला. हसला. ते हसू अगदी खरं होतं.

“तू पाहिलंस?”

“पाहिलं. सगळ्यात आधी तुझं शोधलं.”

“आणि तुझं?”

“नाही ना.” त्यानं खांदे उडवले. “लग्नसराई आहेच की. कुणाच्या ना कुणाच्या नवरीला गाडी लागणारच.”

तिला हसू येईना. एकदम काहीतरी आठवून तिनं त्याची बाही धरली. “अर्जात दोन विषय भरायचे होते. दुसरा काय भरलास?”

“ध्वनी. असंच... रकाना मोकळा सोडता येत नव्हता. तो निकाल कशाला बघू?”

“आण इकडं मोबाइल!”

धुक्यात रेंज कुठली यायला! गोल चक्र फिरत राहिलं. पायल मोबाइल उंच धरून व्हरांडाभर फिरली, मग पावसात उतरली. समर्थ “अगं, भिजशील,” म्हणत मागं. एका जांभळीखाली चक्र थांबलं. पान उघडलं.

पायलनं वाचलं आणि मोबाइल त्याच्यापुढं धरला.

समर्थनं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. ओल्या हातानं पडदा पुसून परत वाचलं. मग तिथंच, चिखलात, तो मटकन खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांचा अडकलेला श्वास सुटावा, तसा त्याचा सुस्कारा पावसातही ऐकू आला.

“आता कळलं,” तो हात काढून म्हणाला. डोळे वाहत होते की पाऊस, कोण जाणे. “मुलाखतीत त्या बाई माझ्या फिल्मबद्दल बोलल्याच नाहीत. नुसतं घोरावाडीबद्दल विचारत होत्या. काय ऐकू येतं, कसं ऐकतोस... शेवटी म्हणाल्या, तू चुकीच्या रांगेत उभा आहेस, मुला. मला वाटलं, हाकलतायत.” त्यानं वर पाहिलं. “त्यांना काय सांगितलंस तू?”

“जे खरं होतं ते.” पायल त्याच्यासमोर उकिडवी बसली. कपाळावरून पाणी निथळत होतं. “वाईट वाटतंय? दुसरी पसंती मिळाली म्हणून?”

“छे. मला आधीच कळायला हवं होतं.” तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, “तुझ्या बाबतीत मात्र चूक झाली नाही. तिथं पहिलीच पसंती भरली होती... पहिल्याच दिवशी. दुसरा रकानाच नव्हता.”

पायलनं नजर खाली वळवली, आणि मग मुद्दाम वर उचलली. “अर्ज उशिरा आला तुझा.”

“मग? फेटाळला?”

“बघते... मुलाखत घ्यावी लागेल.” असं म्हणताना तिनं त्याचा चिखलानं माखलेला हात हातात घेतला, आणि सोडला नाही.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. हौशीराम. ड्यूटीवरून सुटून घरी आले होते, आईकडून त्यांना सगळं कळलं होतं.

“झालं न्हवं पोरी? झालं?” त्यांचा आवाज फाटला होता. “साहेबाला सांगतो आता, हापिसातली खुर्ची दे म्हणावं दुसऱ्या कुणाला! आन् तू हाईस कुटं?”

“खंडाळ्यात, अप्पा.”

“कुणाबर?”

पायलनं समर्थकडं पाहिलं. तो श्वास रोखून बसला होता.

“समर्थबरोबर. त्याचंही झालं, अप्पा.”

पाऊस जांभळीवर पडत राहिला. मग हौशीरामांनी घसा खाकरला.

“झालं न्हवं? सुटलो बाबा! मला त्या येड्याचाच घोर लागला व्हता,” ते म्हणाले. “घेऊन ये त्याला घरी. जेवल्याबिगर सोडायचा न्हाई.”