व्हाळापलीकडून हाक

आमच्या पलीकडच्या घरातला दत्ताराम तुम्ही पाहिलाय. पूर्वी जीप चालवायचा. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, आणि तो वायफळ बोलणारा माणूस नव्हे.

९ डिसेंबर २०२३, शनिवार. पुण्याहून आलेल्या सात जणांना कणकवली स्टेशनवरून घेऊन तो घाटाखालच्या रानात गेला. तिथं निलेशचा तंबूंचा कॅम्प होता. निलेश तिशीतला, बोलका. कोंबडी-वडे झाले, शेकोटी झाली. झोपायला जाताना निलेशनं पाहुण्यांना बजावलं, रात्री खालच्या ओढ्याकडून, व्हाळाकडून, ओरडणं ऐकू आलं तरी बाहेर येऊ नका. भेकर असतं. हरणाच्या जातीचं जनावर, पण ओरडतं माणसासारखं.

दत्ताराम जीपमध्येच आडवा झाला. व्हाळ तिथून तीसेक पावलांवर. डिसेंबरात त्यात घोटाभर पाणी, तेही नितळ.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. निलेश शेजारच्या सीटवर येऊन बसला होता, घामानं चिंब. गाडी काढ म्हणत होता. पाहुण्यांना इथं टाकून कसा जाऊ, असं दत्ताराम विचारतोय, तेवढ्यात व्हाळापलीकडून बाईचा आवाज आला.

"निलेशा... हात दी रे माका..."

"ह्यां भेकर न्हय," दत्ताराम म्हणाला.

निलेश सांगू लागला. सुशीला म्हणून बाई कॅम्पवर जेवण करायची. आदल्या वर्षी जुलैत, भर पावसात, पलीकडच्या खोपीतली भांडी आणायला त्यानं तिला अंधारात पाठवलं. परतताना व्हाळाला लोंढा आला. ती मधल्या जांभळीला धरून होती.

"रातभर आराडत होती," निलेश म्हणाला. "पावणे घाबरतले म्हणान मी त्यांका सांगलंय, भेकर आसा. मी खाली गेलंय नाय, दत्तारामा."

उजाडलं तेव्हा जांभळीवर कुणी नव्हतं. गावात त्यानं सांगितलं होतं, बाई संध्याकाळीच घरी गेली.

पुन्हा हाक आली. आता अलीकडच्या काठावरून.

निलेशनं पाय वर घेतले. "पाणी इला," म्हणाला. दत्तारामनं टॉर्च मारला. पाणी नव्हतं. नुसता पाचोळा.

"वाढता... वाढता रे..."

असं म्हणत दार उघडून निलेश पळाला. उलटाच. व्हाळाकडे. जांभळीला मिठी मारून तो ओरडू लागला.

"दत्तारामा, हात दी..."

दत्ताराम उतरला. दोन पावलं टाकली. तिसरं पाऊल उचलेना. झाडाजवळ निलेशखेरीज आणखी कुणीतरी श्वास घेत होतं... अगदी सावकाश.

त्यानं तंबूंकडे तोंड करून आरडाओरडा केला. उठा, या.

एका तंबूतून झोपाळलेला आवाज आला. "काका, झोपा हो. भेकर आहे."

त्यानंतर पहाटेपर्यंत...

दत्तारामनं ते मला कधीच सांगितलं नाही. जीप मात्र त्यानं दुसऱ्याच आठवड्यात विकली.

उजाडल्यावर सगळे खाली गेले. निलेश जांभळीला मिठी मारूनच होता. गेलेला. डॉक्टरांनी तपासून लिहिलं, बुडून मृत्यू. व्हाळात तेव्हाही घोटाभरच पाणी होतं, तळाचे खडे दिसत होते.

आणि जांभळीच्या बुंध्यावर, निलेशच्या डोक्याच्या दोन हात वर, तांबड्या गाळाची आडवी रेघ होती. ओली. खालचा पाचोळा मात्र कोरडा.