गल्लीखालचा भोंगा

त्या दुपारी मी वांग्यांचं भांडं फडक्यात गुंडाळून एर्सीलियामावशीकडे निघाले होते. टोमॅटोच्या रसात नि चीजमध्ये भाजलेली वांगी तिला दात नसले तरी खाता येतात, म्हणून मी करून नेते. दुसरं काही मनात नव्हतं. दिवा जरा जवळ घ्या, आणि मला मध्ये थांबवू नका. थांबले तर पुन्हा सुरू करायचा धीर होणार नाही.

बंदरात जहाज लागलं होतं. अशा दिवशी नेपल्स आमचं राहत नाही. टोप्या घातलेले लोक लोंढ्यानं गल्लीत शिरतात आणि आमच्या वाळत घातलेल्या परकरांचे फोटो काढतात. कोपऱ्यावरच्या मारियामातेपुढे आम्ही आमच्या मेलेल्यांसाठी दिवा लावतो. तिच्यापुढे एकजण आईस्क्रीम चाटत उभा होता. कुणाच्याही खिडकीत डोकं घालून ‘किती सुंदर!’ म्हणतात. सुंदर कसलं? आत नवरा-बायको भांडत असतात हो!

तेही सोसलं असतं. पण मान्लिओनं आमच्या गल्लीखालचं भुयार उघडलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत बॉम्ब टाकायला विमानं आली की अख्खी गल्ली त्या भुयारात उतरायची. एकदा खालचे दिवे गेले, माणसं पोराबाळांसकट घाबरून जिन्याकडे धावली आणि जिन्यातच चेंगरली. माझी आजी त्यात गेली. तिच्या कडेवर विताले होता, मावशीचा तान्हा भाऊ. मावशी तेव्हा लहान होती, तिला कुणीतरी केसाला धरून वर ओढलं. माझी आई गावी होती, म्हणून आज मी आहे. आजीचं प्रेत मिळालं. विताले मिळालाच नाही. पुढे तोंडाशी राडारोडा टाकून भुयार बुजवलं आणि त्याचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही.

तोच राडारोडा मान्लिओनं उपसला. टेकडीवरच्या बड्या वस्तीतलं पोर, इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. पर्यटकांना खाली नेतो, दिवे घालवतो आणि काळोखात हल्ल्याचा भोंगा वाजवतो. मजा म्हणून!

मावशीची खोली नेमकी त्या भुयारावर. फरशीत हवेची जुनी जाळी आहे. मी दार ढकललं तेव्हा खोलीत कुणी दिसेना. मग टेबलाखाली तिचे पाय दिसले. नव्वदी ओलांडलेली बाई गुडघ्यात डोकं घालून, कानांवर हात दाबून बसली होती. जाळीतून भोंगा वर येत होता, आणि त्याच्याबरोबर ओल्या मातीचा वास.

“मावशी, बाहेर ये गं.”

“आई आली का?” तिनं विचारलं.

मी भांडं तिथंच ठेवलं आणि तडक भुयाराच्या फाटकाशी गेले. मान्लिओ पुढच्या टोळीला रांगेत उभं करत होता.

“तुझी आजी असती टेबलाखाली, तर वाजवला असतास का भोंगा?” मी ओरडले.

“नुंत्सियाबाई, रागावू नका,” तो हसत म्हणाला. “लोकांना इतिहास अनुभवायचा असतो.”

“अनुभवायचाय? मग जिन्यात आडवं घाल त्यांना, आणि वर अख्खी गल्ली चढव!”

लोक माझे फोटो काढायला लागले. त्यांना वाटलं, मीही त्या खेळातलीच! मान्लिओ हळूच म्हणाला, “एकदा स्वतः खाली या. खटकलं तर सांगा, बदलतो.”

मी उतरले. आमच्या घरातल्या कुणीही लढाईनंतर त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता. भिंती घामेजलेल्या. खाली जावं तसा गल्लीचा आवाज विरत गेला, मग स्कूटरी ऐकू येईनाशा झाल्या, मग आपलाच श्वास मोठा वाटायला लागला. तळाशी मोठी खोली. भिंतीवर तेव्हाच्या कुणी कोळशानं विमान काढलेलं, कुणी जहाज. एका बाईनं त्या जहाजावरून बोट फिरवलं आणि पँटला पुसलं. माझ्या अंगाची आग झाली.

मान्लिओनं दिवे घालवले. भोंगा सुरू झाला, मग विमानांची घरघर, मग धडाके. कुणीतरी खोटी किंकाळी मारली, बाकीचे खिदळले. मग सगळं थांबलं. असा काळोख मी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना.

आणि माझ्या कमरेच्या उंचीवरून, अगदी शेजारून, आवाज आला.

“पुपे…”

कोवळा आवाज, आमच्याच बोलीतला.

“पुपे… किती वेळ गं… घरी जाऊ या ना…”

मी आवाजाकडे वळले. वास आला, दुधाचा, आंबलेल्या दुधाचा. मग दिवे लागले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी कुणीच नव्हतं.

भीती नंतर वाटली. आधी संतापच आला. पुपे हे मावशीचं घरातलं नाव. बाहुली म्हणून तिच्या बापानं ठेवलेलं. ते घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे या पोरानं म्हातारीला गोड बोलून तिच्या तोंडून काढून घेतलं, आणि आता ते तिकिटावर विकतोय! वर येताच मी त्याची कॉलर धरली.

“त्या पोराचा आवाज कुणाचा घातलास? बोल!”

“कुठलं पोर?”

“पुपे म्हणणारं!”

त्यानं मला आपल्या टेबलाशी बसवलं आणि ध्वनिमुद्रण पहिल्यापासून ऐकवलं. भोंगा, विमानं, धडाके, मग शांतता. दुसऱ्यांदा ऐकवलं. शांतताच. तो हसत होता, पण हसू आता ओठांपुरतंच उरलं होतं.

“बाई,” तो म्हणाला, “लोक जाताना सांगतात, तुमचा तो लहान मुलगा फार छान काम करतो. मला वाटायचं… त्यांच्यातल्याच कुणाचं मूल असेल.”

मी मावशीकडे परतले. ती खुर्चीवर बसली होती, वांग्यांना हात लावला नव्हता. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझ्या तोंडाकडे पाहूनच तिनं विचारलं, “काय ऐकलंस?”

मी सांगितलं. “वितालेच असेल,” म्हटलं, “बिचारा तुला हाका मारतोय.”

मावशीनं जाळीकडे पाहिलं.

“विताले नुसता रांगायचा,” ती म्हणाली. “त्याला एक शब्द येत नव्हता. बोलायला त्याला कुणी शिकवलं, नुंत्सिया? खाली… कोण आहे त्याच्याजवळ?”

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या सगळ्या बायका गोळा केल्या. ज्यांच्या घरचं कुणी त्या जिन्यात गेलं, त्या तर आपणहूनच आल्या. आम्ही खुर्च्या आणून फाटकासमोर मांडल्या, सोलायला वाटाणे घेतले आणि बसलो. जहाजावरचे लोक आले, थांबले, परत गेले. मान्लिओनं पोलिसांना बोलावून पाहिलं; आलेल्या हवालदाराची आजी आमच्यातच बसली होती. शेवटी तो नमला. भोंगा बंद, दिवे चालू, आत हसायचं नाही आणि मेलेल्यांची नावं जिन्याशी कोरायची. खाली कुणीच उतरू नये असं मी म्हणत होते, पण मावशीनंच मला गप्प केलं.

“माणसं जाऊ देत,” ती म्हणाली. “फार वर्षं तिथं कुणी गेलं नाही.”

तेव्हा मला ते दयेचं बोलणं वाटलं.

भोंगा बंद झाल्यानंतरची पहिली टोळी खाली गेली ती भर दुपारी, लख्ख उन्हात. मी नि मावशी फाटकाशी खुर्च्या टाकून बसलो होतो. माणसं वर आली. अगदी शांत. मला बरं वाटलं. म्हटलं, आली अक्कल.

पुढे एक जाडा जर्मन होता. त्याचा उजवा हात अंगापासून जरा दूर, खाली लोंबता, बोटं अर्धवट मिटलेली. चालताना तो पावलं आखूड टाकत होता, मागे राहणाऱ्या कुणाला तरी सांभाळून घेतल्यासारखा. त्याच्या मागून एक तरुण मुलगी आली. तिचाही हात तसाच. मग तिच्या मागचा. सगळ्यांचेच.

“मावशी…” मी म्हटलं.

मावशी खुर्चीतून पुढे झुकली होती. ती कुणाच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर प्रत्येकाच्या गुडघ्याशी जात होती, तिथं थांबत होती आणि पुढच्यावर सरकत होती.

गल्लीच्या टोकाला स्कूटर भरकन गेली. जर्मन थबकला, त्यानं तो हात झटकन स्वतःजवळ ओढला, डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि मग सावकाश रस्ता ओलांडून बंदराकडे, जहाजाकडे निघून गेला.

सगळ्यात शेवटी मान्लिओ आला. फाटकाशी थांबला. किल्ली त्याच्या दातांत होती. ती त्यानं माझ्या मांडीवर टाकली.

“बाई, जरा कुलूप लावता का?” तो म्हणाला. “माझे दोन्ही हात मोकळे नाहीत.”