दिगूकाकांचा आदेश

दुपारी साडेतीन वाजता धरणाच्या कचेरीतल्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि इंदूने ती दोनदा वाचली.

‘दुपारी चार वाजता दार क्रमांक तीन उघडेल. आदेश देणारे : दिगंबर विसपुते.’

दिगूकाका विसपुते जाऊन आज नऊ दिवस झाले होते.

“आबा, हे कोणी लिहिलं?”

आबा म्हणजे इंदूचे आजोबा. धरणाची यंत्रे त्यांनीच बसवलेली. ओळ वाचून त्यांनी घड्याळाकडे पाहिले. दार तीनच्या बोगद्यात इंदूची आई गाळ काढणारे यंत्रमानव दुरुस्त करत होती. दर दहा दिवसांनी पाणी सोडून तो बोगदा धुवायचे काम दिगूकाकांचे. ते गेले, आता पाणी कोण सोडणार, असे सगळेच धरून चालले होते. बोगद्यात फोन लागत नाही, आणि खाली उतरायला पाऊण तास.

आबांनी घाईघाईने ‘थांब’ असा आदेश लिहिला. उत्तर आले, ‘हा आदेश तुमचा नाही.’ मुख्य केंद्राला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला.

“कोण बोलतंय हे? भूत?”

“मेनफ्रेम (एका वेळी हजारो कामे सांभाळणारा मोठा संगणक). तीनशे किलोमीटरवर मुख्य केंद्रात, डोंगराच्या पोटात आहे. चाळीस धरणांची दारं तोच हलवतो. टेबलावरचा संगणक दार उघडत नाही, पोरी. तो फक्त निरोप नेतो. काम तिकडे होतं, उत्तर इकडे येतं.”

“पण काका तर नाहीत!”

“त्याला माणूस दिसत नाही. नाव आणि परवलीचा शब्द (फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली खूण) जुळला की सत्र सुरू होतं. सत्र म्हणजे ओळख पटल्यावर चालू राहिलेलं बोलणं.”

इंदू उठलीच. “म्हणजे काकांचं बोलणं अजून कुठंतरी चालू आहे!”

कचेरीमागेच काकांचे घर. खिडक्या लावलेल्या. अंधाऱ्या खोलीत एक समई, रिकामी खुर्ची आणि तिच्यावर पडलेला पडद्याचा निळा उजेड. काकांचा चष्मा कळफलकाशेजारी तसाच. पडद्यावरची रेघ लुकलुकत होती, कुणी श्वास घेत असल्यासारखी.

“दहावा होईस्तोवर त्यांचं काही विझवायचं नाही, असं ठरवलं मी,” काकांच्या पत्नी शेवंताकाकू म्हणाल्या. “समई नाही, हेही नाही.”

“दिगूनं दर दहा दिवसांनी हाच आदेश आपोआप पाठवायला या संगणकाला सांगून ठेवलंय,” आबा पुटपुटले. “तोच आदेश आज गेला.”

बोगद्यात कोण आहे हे कळताच काकूंनी संगणकाच्या वायरीला हात घातला.

“ओढू नका, काकू!” इंदू ओरडली. “निरोप तिकडे पोचलाय. निरोप्याला कोंडलं म्हणून निरोप परत येत नाही! आणि हे बंद पडलं तर काकांचं सत्रही जाईल. परवलीचा शब्द ठाऊक आहे तुम्हाला?”

काकूंनी मान हलवली. नव्हता.

“याच संगणकावरून, काकांच्याच नावानं, आदेश मागे घ्यायचा. सरका, मी लिहिते.”

“त्यांच्या खुर्चीत मी बसेन,” काकू म्हणाल्या. “तू अक्षरं सांग.”

तीन वाजून चोपन्न मिनिटे. काकू एका बोटाने एकेक अक्षर शोधत होत्या. एक चुकले. पुसले. आबांनी डोळे मिटून घेतले. शेवटची कळ दाबली आणि पडदा क्षणभर कोराच राहिला.

मग ओळ आली : ‘आदेश मागे घेतला, दिगंबर विसपुते.’

“हो,” काकू हळूच म्हणाल्या, जणू त्यांनाच कुणी विचारले होते.

साडेचारला आई चिखलाने माखून वर आली. “असं काय बघताय? चहा टाका की कुणीतरी!”

त्या संध्याकाळी आबांनी मुख्य केंद्राला पत्र लिहिले. मजकूर इंदूने सांगितला : आपोआप जाणाऱ्या प्रत्येक आदेशाआधी मेनफ्रेमने एवढेच विचारावे, ‘तुम्ही आहात ना?’ उत्तर आले नाही, तर दार हलवू नये.

दहाव्याला काकूंनी इंदूला बोलावून घेतले. दर दहा दिवसांचा तो आदेश दोघींनी मिळून पुसला आणि ‘सत्र संपवा’ ही कळ काकूंनी स्वतः दाबली. तीनशे किलोमीटरवरून शेवटचे उत्तर आले.

‘दिगंबर विसपुते यांचे काम पूर्ण झाले.’

काकूंनी हात जोडले. पडदा काळा झाला. समई मात्र तेवत होती.