तीन हजार बाळंतपणांतलं एक

स्मृतिसंगणन प्रयोगशाळेत एस्तेरबाई साळवे सलग अकराव्या दिवशी खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावर संवेदकांची टोपी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या निवृत्त परिचारिकेने डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात तीन हजारांवर बाळंतपणं केली होती. त्यांतलंच एक याच प्रयोगशाळेतल्या डॉ. हेमांगी ठोंबरेच्या आईचं, हेमांगीच्याच जन्माचं. दुसऱ्याच दिवशी, जिल्ह्याच्या रुग्णालयात, आई वारली. 'तिनं तुला पाहिलंसुद्धा नाही,' असं घरचे सांगत आले. खरं काय ते सांगू शकेल असं एस्तेरबाईंखेरीज कुणी उरलं नव्हतं.

"आठवत नाही गं बाळा," त्या रोज ओशाळून म्हणत.

"दोष वयाचा नाही," हेमांगीचा सहकारी डॉ. इरफान मोमीन पडद्यावरचं स्मृतिजाल दाखवत म्हणाला. एस्तेरबाईंच्या आठवणी एकमेकींना कशा जोडल्या आहेत, त्याचं ते गणिती प्रारूप होतं. "आठवण खुणेनं जागी होते. पण एकाच खुणेला तीन हजार आठवणी जोडलेल्या असल्या, की प्रत्येकीच्या वाट्याला उजाळा कणभरच येतो. आणि जे सगळ्यांतच सारखं, ते तर आठवण म्हणून वर येतच नाही. त्याची सवय होऊन बसते."

आईचं नाव, गाव, तारीख, सगळ्या खुणा देऊन झाल्या होत्या. हेमांगी पडद्याजवळ गेली.

"इरफान, सारखं असलेलं आपण गाळत आलो. आता तेवढंच कालक्रमानं लाव."

तासाभराने उत्तर आलं. सारख्या गोष्टी बहुतेक नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनच्या होत्या. एक मात्र मध्येच, १९९८च्या मार्चमध्ये सुरू झाली होती आणि पुढे एकदाही चुकली नव्हती. हेमांगीचा जन्म त्याच महिन्यातला.

ती एस्तेरबाईंसमोर जाऊन बसली. "बाई, वजन करायच्या आधी तुम्ही बाळ आईला दाखवायचात. सुरुवातीला तसं नव्हतं. पहिल्यांदा कुणाला दाखवलंत?"

"मी तर नेहमीच..." एस्तेरबाई अडखळल्या. जालाचा एक अंधारा कोपरा उजळला.

"नाही. मी काट्याकडे निघाले होते. एकीनं माझी बाही धरली. तिचं रक्त थांबत नव्हतं, बाहेर जीप हॉर्न वाजवत होती. म्हणाली, 'वजन मागून करा सिस्टर, आधी तिचं तोंड दाखवा.' मी दाखवलं. तिनं तुझ्या कानाला बोट लावलं. 'कान माझ्या आईचे आहेत,' म्हणाली, आणि हसली."

हेमांगीचा हात आपसूक कानाकडे गेला. मग तिने वाकून एस्तेरबाईंचे दोन्ही हात धरले. "फार उपकार झाले, बाई."

"माझे कसले? पुढं कुणाला असं मागावं लागू नये, म्हणून मी आधीच दाखवत गेले. घरी जाताना बायका माझे हात धरून रडायच्या, 'सिस्टर, तुम्ही लगेच दाखवलंत.' मला वाटायचं, माझंच कौतुक आहे." त्यांनी डोळे पुसले. "ते तुझ्या आईचं होतं."