एकतीस जूनची तारीख

पावणं, कंदील जवळ ओढा, पर गाडी काढा म्हणू नका. ह्या धुक्यात भीमाशंकरचा घाट उतरायचा म्हंजे जीप घेऊन आंधळी कोशिंबीर खेळायची. चहा घ्या. धुकं फाटलं की निघू. तवर मी एकाएकी गप का झालो, ते सांगतो.

पाच वर्षांमागं जुन्नरचं जुनं कोर्ट नव्या इमारतीत हलवायचं व्हतं. मे महिना, कोर्टाला सुट्टी. सामान न्यायचं काम हनीफचाचाच्या टेंपोला मिळालं, आन उचलायला आमी दोघं, मी आन गोरख. दोघंबी अवसरी बुद्रुकचे. गोरखचं लग्न आठवड्यावर आलेलं, महाळुंग्याच्या वृषालीशी. हळद लागायच्या आधी शेवटचं काम, म्हणून आला व्हता बिचारा.

ते कोर्ट म्हंजे काळा दगड, सागाचे खांब, वर इंग्रजाच्या टायमाची कौलं. बाजारात कुणी पत्ता इचारला की 'कोर्टापासनं डावीकडं' असंच सांगायचे. माझा आजा म्हणायचा, "त्या भिंतीत चुना कमी, शपथाच जास्ती." आत पाऊल टाकलं की वटवाघळांचा, रॉकेलचा आन शिळ्या घामाचा वास.

दुपारी पयली खेप गेली. बाकडी, कपाटं, साक्षीदाराचा पिंजरा. चाचा टेंपो घेऊन गेला. मागं राहिली साहेबांची खुर्ची आन आरोपीचा पिंजरा. तेवढ्यात आभाळ भरून आलं, लाइट गेली. घागरीत असतो तसला अंधार झाला, दारातनं येईल तेवढाच उजेड.

आता मी असा माणूस, की मयतीतबी मला खोडी सुचती. गोरखला म्हणलं, "नवरदेव, जन्मठेप तर व्हणारच हाय, उभं राहून बघा की."

तो हसत पिंजऱ्यात चढला. कठड्याचं लाकूड कितीएक आरोप्यांच्या तळव्यांनी काळं, गुळगुळीत झालेलं. मी दाराशी गेलो आन शिपायासारखा पुकारा केला. कोर्टात नाव तीनदा पुकारत्यात, ठाऊक हाय ना? तिसऱ्याला आला नाय तो गैरहजर. नाव म्हणून तोंडाला आलं ते घेतलं.

"चिमाबाई कुशाबा, हाजिर होऽऽ!"

दोनदा. तीनदा. गोरख पोट धरून हसतोय.

तिसऱ्या पुकाऱ्याला व्हरांड्यातनं आवाज आला.

"आले बाबा... आले..."

बाकडी तर आमी सगळी नेली व्हती. तरीबी बाकड्यावरनं माणूस उठताना व्हती, तशी करकर झाली.

म्हातारी आत आली. हिरवं लुगडं, डोईवरनं पार खाली ओढलेला पदर. माझ्याजवळनं गेली तवा इहिरीत उतरल्यावर येतो तसला गार वास आला. पायाचा आवाज नाय. कुणाची तरी आजी वाट चुकली असंल, असं मी मनाला सांगत व्हतो. तोवर ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी गेली. म्हंजे तो जिथं असायचा तिथं. पिंजरा तर टेंपोत गेलेला. म्हातारीनं पाय उचलला, नसलेल्या पायरीवर ठेवला आन वर चढली. जमिनीपासनं हातभर वर, हवेत उभी राहिली. नसलेल्या कठड्यावर दोन्ही हात टेकवले.

मी हसायला गेलो. तोंड उघडलं, हसू आलंच नाय.

तिनं गोरखकडं बोट केलं. "ह्योच त्यो, साहेब. इहिरीवरला."

"आजी... मी न्हाई वो. मी अवसरीचा..."

"तवाबी असंच म्हणला व्हता."

गोरखनं पिंजऱ्याचं दार ढकललं. त्या दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. तरी उघडंना. त्यानं कठड्यावरनं हात काढले, तळवे ओलेचिंब.

"सुद्या... लाकडाला घाम येतोय..."

आन वर, साहेबांच्या खुर्चीची गादी हळूहळू खाली दबली. कुणी बसल्यागत.

म्हातारीनं हात जोडले. "निकाल द्या, साहेब. लई वर्सं वाट बघितली."

मला एवढंच कळलं, की निकाल लागला तर गोरख त्या पिंजऱ्यातनं घरी येत नाय. लग्न तर लांबच. आन निकाल कसा लांबवायचा, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाय. बांधाच्या भांडणात आमच्या आज्याची हयात तारखांवर गेली. मी पुन्ना शिपायाचा आवाज काढला. आवाज खणखणीत निघाला.

"आज काम नाय! पुढची तारीख!"

खुर्ची करकरली. म्हातारी माझ्याकडं वळली. पदराखाली तोंड असायला पायजे तिथं नुसता अंधार.

"कंची?"

जीव जात असला तरी खोड कुठं जाती?

"एकतीस जून."

ती "येते," म्हणली. हवेतली पायरी उतरली, निघून गेली. गादी फुगून वर आली. पिंजऱ्याचं दार आपोआप उघडलं आन गोरख माझ्या अंगावर पडला.

चाचा आला तवा आमी दोघं रस्त्यावर उभे. चाचा म्हणला, "अरे बेटा, ती बुढी कोण? फाटकात भेटली. म्हणली, एकतीसला त्या पोरालाच पुकारायला सांगा. आवाज चांगला हाय त्याचा."

परत येताना गोरख मुठीच्या हाडांवर महिने मोजत बसला. एकाएकी बोंबलला, "सुद्या, जून तीसचा असतोय रं!" मंचर येईस्तवर आमी डोळ्यातनं पाणी काढत हसलो.

लग्न झालं. सासऱ्यानं मनगटी घड्याळ दिलं, तारीखवालं. जून संपला. एक जुलैला सकाळी मी अंगणात दात घासत व्हतो, तर गोरख आला. तोंड पांढरंफटक. त्यानं मनगट म्होरं केलं. तारखेच्या खिडकीत ३१.

"आरं येड्या, घड्याळाला काय कळतंय महिना तीसचा का एकतीसचा. चावी फिरव, एकवर आण."

"फिरवली. काटं फिरत्यात... आकडा हलत नाय."

मी ब्रश तोंडात धरून घड्याळ हातात घेतलं. तवाच कुंपणाबाहेरनं पुकारा आला.

"गोरख सयाजी, हाजिर होऽऽ!"

आवाज माझा व्हता, पावणं. आन माझ्या तोंडात ब्रश.

दुसरा आला. गोरख 'ओ' द्यायच्या आत मी दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबलं. तसंच धरून बसलो, ऊन डोक्यावर येईस्तवर. तिसरा आलाच नाय.

घड्याळ चालतच राहिलं. वेळ बरोबर दाखवायचं, तारीख एकतीसच. गोरख ते हातातनं काढायचा नाय, रोज उठल्यावर आकडा बघायचा. आन मी त्याला हाक मारणं सोडलं. नाव घेतो, हाक नाय मारत. दारात गेलो की कडी वाजवतो, न्हाईतर शिट्टी. न जाणो, माझीच हाक तिसरी म्हणून धरली जायची. गावाला वाटतंय आमचं बिनसलंय.

मघाशी तुमी दर्शनाला गेला व्हता, तवा बूथवरनं मी गोरखच्या घरी फोन लावला. धुक्यात अडकलोय, आमच्या आईला तेवढं सांग म्हणायला. वृषालीनं उचलला.

"अगंबाई, भावजी? फोन कुठनं करताय? आत्ता तर दारातनं हाक मारलीत. हे ताटावरनं उठले, हातबी न धुता गेले तुमच्यामागं. चप्पल हितंच." हसली. "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा हाक ऐकली तुमची. मिटलं म्हणायचं तुमचं."

मी फोन कानाला दाबून धरला.

"आन ह्ये बघा, कधी नाय ते घड्याळ काढून ठेवून गेलेत. भावजी, आज काय तारीख हाय वो? ह्येच्यात एक आलाय."