दोनदा रेस

या, बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लुळा आहे. इकडे टायरवर बसा. चहा विचारत नाही, कारण शुक्रवारी इथे सातिवलीत टपरीसुद्धा बंद असते. सगळ्या गाळ्यांना सुट्टी, लाईटही बहुतेक जाते, म्हणून हा चार्जिंगचा दिवा. आणि शटर पाडलंय ते झडीमुळे. वारा असा आहे की पाऊस थेट आत येतो.

गाळा भाड्याने बघायला आलात, बघा. भिंती कोरड्या आहेत, पत्रा गळत नाही. पण हा दिनानाथ तीस वर्षं गाड्या खोलतोय, बिघाड लपवून गिऱ्हाइकाला कधी गाडी दिली नाही. गाळाही देणार नाही. आधी ऐका, मग ठरवा.

गाळा दोघांचा होता, माझा आणि बळीरामचा. मी चिपळूणकडचा, तो इथल्याच मिठागराच्या गावातला. मी तिखट, तो थंड. कान मात्र त्याला देवाने दिलेले. इंजिन चालू केलं की डोळे मिटायचा. "कान लाव, दिना. गाडी बोलते, आपनच बहिरे असतो." पाच मिनिटांत दुखणं सांगून मोकळा.

आमची कामाची एक रीत होती. बॉनेटमध्ये मी, सीटवर तो. बॉनेट वर असलं की एकमेकांची तोंडं दिसत नाहीत आणि ओरडून घसा बसतो. म्हणून मी मडगार्डवर पान्याने ठोकायचो. दोनदा ठोकलं की रेस दे, तीनदा ठोकलं की बंद कर. आणि त्याला माझ्याशी बोलायचं असलं की तो ॲक्सिलरेटर दोनदा झटकन दाबायचा. घुर्र, घुर्र. म्हणजे, दिना, इकडे ये. बावीस वर्षं हेच चाललं.

मग एके दिवशी मी माती खाल्ली. एका गाडीवरून वाद झाला आणि गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो, "तुझे कान गेले बळीराम, घरी बस आता." त्याने हात पुसले, पान्यांची पेटी उचलली आणि गेला. पाच आठवडे फिरकला नाही. मी तरी फोन करावा की नाही? नाही केला. आडमुठेपणा, दुसरं काय!

सहाव्या शुक्रवारी मी बारा वाजता मागच्या दाराने आत आलो. पुढचं शटर पाडलेलंच होतं. पावसात या पत्र्याखाली बाहेर नुसती चालू असलेली गाडी ऐकू येत नाही. डबा उघडला आणि शटरपलीकडून आवाज आला. घुर्र, घुर्र. बळीरामच्या गाडीचा आवाज मी हजारांत ओळखेन. घड्याळात दीड वाजला होता. मनात म्हटलं, आलास ना शेवटी? आता थांब जरा. थोड्या वेळाने पुन्हा तेच, घुर्र, घुर्र. मी जेवलो, डबा धुतला, बिडी ओढली. तासाभराने शटर उघडलं.

गाडी चालूच होती. बळीराम स्टिअरिंगवर डोकं टेकून... हात लावला तर गार.

दीड वाजता उठलो असतो तर माणूस वाचला असता. हे मी कुणाजवळ बोललो नाही. सुनंदावहिनीजवळ, त्याच्या बायकोजवळही नाही. तिच्या नजरेला नजर देण्याची हिंमतच नव्हती.

वर्षाने वहिनी म्हणाली, "भावोजी, ती गाडी दारात बघवत नाय. तुमीच न्या." त्याच सुमारास लुसीची गाडी आली. लुसी माझं गिऱ्हाईक, जवळच एव्हरशाईन सिटीत राहते. आईचं, ॲनीबायचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पोरगी एकटीच नेते-आणते. तिच्या गाडीचं इंजिन जाम झालेलं आणि मॉडेल नेमकं बळीरामच्या गाडीचंच. मी बळीरामच्या गाडीचं इंजिन काढून तिच्यात बसवलं.

आणि गाडी फटाके फोडायला लागली. सायलेन्सरमधून ठो, ठो. एकदा पुलावर बंद पडली आणि ॲनीबाय छातीला हात लावून बसली. लुसी रडकुंडीला आली. "दिनाअंकल, उद्या सकाळी सहाला मम्मीला न्यायचंय. रस्त्यात बंद पडली तर मी एकटी काय करू?" मी म्हटलं, "सहाच्या आत गाडी तुझ्या बिल्डिंगखाली असेल." बोलून तर बसलो.

तो शुक्रवारच होता. भरदुपारी दिवेलागणीसारखा अंधार. शटर त्या दिवशी अख्खं वर होतं, हे ध्यानात ठेवा, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याच्या डोक्यात धूर गेला. प्लग काढून बघितले, चांगले. प्लगच्या वायरींचा क्रम तपासला, बरोबर. हवेचे पाइप चाचपले, सायलेन्सरचे जोड बघितले. कुठे काही नाही. पेट्रोल चुकीच्या वेळी पेटतंय एवढं कळत होतं, पण का, ते कळेना. सीटवर बसून रेस द्यायलाही माणूस नाही, हातानेच थ्रॉटल ओढत होतो. अख्ख्या गल्लीत दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. खरं सांगतो, माझी बायको गेली तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं. इंजिन चालू होतं. आणि सवयीने, अहो नुसत्या सवयीने, मी मडगार्डवर दोनदा ठोकलं.

ॲक्सिलरेटरची वायर ताणली गेली.

माझ्या नाकासमोर. माझे दोन्ही हात बाहेर. वायर आतून ओढली गेली, इंजिनाचा आवाज चढला आणि हळूच उतरला. मग मागून सायलेन्सरमधून... ठो, ठो. जरा थांबलं. पुन्हा ठो, ठो.

उघड्या बॉनेटने पुढची काच झाकलेली. बाजूला होऊन आत बघावं, तर मी बॉनेटआडच उभा. आणि वास आला, कापूर घातलेल्या खोबरेल तेलाचा. बळीराम रोज गुडघ्याला चोळायचा तो.

"बळीराम...?" मी हाक मारली.

ठो, ठो.

मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासारखा कान लावला. आणि ऐकू आलं. प्रत्येक फेरीत इंजिन जरासं चुकत होतं, जिन्यावर एखाद्याची शेवटची पायरी चुकावी तसं. टायमिंग बेल्ट, इंजिनाचा ताल जुळवणारा पट्टा! लुसीच्या गाडीसाठी बेल्ट चढवताना तो कुठे जुळवायचा ती कंपनीची खूण गंजून पुसट झालेली होती. तिच्या शेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो बळीरामचा, वहिनीच्या बाटलीतून लावलेला. तेव्हा मी हसलो होतो. कान गेलेल्या माणसाची खूण कशाला धरायची, असं म्हणून बेल्ट माझ्या अंदाजाने बसवला होता. मेल्या माणसाशीसुद्धा माझं भांडण मिटलं नव्हतं हो.

मी तीनदा ठोकलं. इंजिन बंद झालं. किल्लीला मी हात लावला नव्हता.

बेल्ट उघडला. बरोबर एक दात चुकलेला. लाल ठिपक्यावर आणून बसवला आणि चालू करायला सीटकडे गेलो. लुसी चणीने लहान, सीट पुढे ओढून खाली उशी घेते. सीट पार मागे सरकवलेली होती. उशी शेजारच्या सीटवर नीट ठेवलेली. बळीरामचा गुडघा वाकायचा नाही, सीट मागे घेतल्याशिवाय तो बसायचाच नाही.

मी तिथेच बसून लहान पोरासारखा रडलो. "चुकलं माझं," म्हटलं. किल्ली फिरवली. इंजिन एकदम सुतासारखं चालायला लागलं. फटाका नाही, काही नाही. तेलाचा वासही गेला. पुन्हा दोनदा ठोकून बघितलं, चारदा ठोकून बघितलं. वायर हलली नाही.

सकाळी लुसीला गाडी दिली आणि तडक वहिनीकडे गेलो. सगळं सांगितलं. दीड वाजल्याचं, डबा धुतल्याचं, बिडीचं. म्हटलं, आता हिने चप्पल काढून मारलं तरी चालेल. ती उठून आत गेली आणि दवाखान्याचा कागद घेऊन आली.

"जीवाला लावून घेऊ नका, भावोजी. तुमी उठला असता तरी काय होनार नव्हतं. हे बघा, डॉक्टरांनी लिवलंय. अकराच्या आतच झटका येऊन गेले ते."

मी तो कागद तीनदा वाचला. खांद्यावरचं ओझं उतरायला हवं होतं ना? उतरलं नाही. अकराच्या आत गेलेला माणूस दीड वाजता मला बोलवत होता. मरूनसुद्धा दारात थांबला होता बिचारा, मिटवून घ्यायला. आणि मी आत बसून डबा धूत होतो.

तेव्हापासून दर शुक्रवारी शटर सताड उघडं ठेवून इथे बसतो. कुणी येत नाही. आज झडीमुळे पहिल्यांदाच पाडलंय. म्हणून म्हणतो, गाळा घ्यायचा तर विचार करून घ्या. आज आत एकही गाडी नाही. तुम्ही रिक्षाने आलात, ती गेली. बळीरामचं इंजिन तिकडे लुसीच्या बिल्डिंगखाली आहे. किती वाजले हो तुमच्या घड्याळात?

दीड?

थांबा... बोलू नका जरा...

घुर्र, घुर्र.

तुम्हालाही ऐकू आलं ना? मग झालं तर. अहो, हात सोडा माझा. मला शटर उघडू द्या.